आवाज थांबत नाहीत: टीएमएस किंवा टीडीसीएस घेतलेलं कुणी आहे का?

थोरली_बहीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदा. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. १९व्या वर्षी सुरू झाला, आता तो २७ वर्षांचा आहे. आधी दोन वेगवेगळी औषधं पूर्ण डोसात, पुरेसे महिने देऊन झाली. मग क्लोझापीन सुरू केलं, त्याला आता दोन वर्षं होतील. क्लोझापीनने आम्हाला खूप दिलं, हे आधीच सांगते. लोक पाळत ठेवताहेत हा संशय गेला. झोप लागायला लागली. अंघोळीसाठी, कपडे बदलण्यासाठी मागे लागावं लागत नाही.

आवाज मात्र गेले नाहीत. एक बाई आणि एक पुरुष. ते त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्याबद्दल एकमेकांशी बोलतात. 'उठला बघ. पाणी पितोय. आता बहिणीकडे बघतोय.' सकाळी जाग आल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत हेच. पुरुष घाणेरड्या शिव्या देतो. पुस्तक उघडलं की त्याच्या मनात ओळ वाचून व्हायच्या आत ते ती मोठ्याने म्हणतात. त्यापायी त्याने वाचणंच सोडलं. लहानपणापासून हा मुलगा मी पुस्तकाशिवाय पाहिलेला नाही, त्यामुळे हे मला सगळ्यात जास्त लागतं.

गेल्या भेटीत डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. एक चुंबकाचा, टीएमएस, आणि दुसरा सौम्य विजेचा, टीडीसीएस. 'फायदा होईलच असं सांगत नाही, पण विचार करा,' म्हणाले. 'मेंदूला करंट' एवढेच शब्द आईच्या कानावर पडले आणि ती रडायलाच लागली. मला काय विचारायचं तेही कळत नाहीये. कुणी घेतलंय का? कुणाच्या घरात कुणाला दिलंय का?

ओंजळ

ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. मला या उपचारांचा अनुभव नाही, पण माझ्या काकूला आवाज येत असत. ओळीच्या पुढे पळणाऱ्या आवाजाबद्दल तीही सांगायची, आणि आम्हाला वर्षानुवर्षं ते कळलंच नाही. धागा वर राहू दे, माहितगार येतील.

पायवाट_२

म्हणजे शॉक ट्रीटमेंटच ना ही? नाव बदललं की भीती कमी होते म्हणून नवं नाव? रागाने विचारत नाही, खरंच माहीत नाही.

डॉ_साकव

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. थोरली_बहीण, तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, तेव्हा 'करा' किंवा 'करू नका' मी म्हणणार नाही. पण निदान प्रश्न काय विचारायचे एवढं तरी तुमच्या हातात यावं.

पायवाट, आधी तुमचं. नाही, शॉक ट्रीटमेंट ही वेगळी गोष्ट. तिला ईसीटी म्हणतात. १९३८ साली रोममध्ये चेर्लेती आणि बिनी यांनी ती पहिल्यांदा दिली. तिच्यात विजेने मुद्दाम फीट आणली जाते, आणि आता ती भूल देऊनच केली जाते. टीएमएस आणि टीडीसीएसमध्ये फीट आणायची नसते, भूल नसते, पेशंट पूर्ण जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो आणि संपल्यावर उठून चालत घरी जातो. ईसीटी वाईट, असा मात्र याचा अर्थ कुणी काढू नये. क्लोझापीनने पुरेसं बरं न वाटलेल्या ३९ रुग्णांवर अमेरिकेत अभ्यास झाला होता, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लोझापीनच्या जोडीला ईसीटी दिलेल्यांपैकी निम्म्यांना ठळक फरक पडला. नुसत्या क्लोझापीनवर ठेवलेल्यांत एकालाही नाही. सिनेमांनी त्या उपचाराची भीती घातली आहे, आणि त्याची किंमत आजारी माणसं मोजतात.

आता टीएमएस. बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. मेंदूही वीज वाहून नेतो. १९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेची कॉईल धरून तिच्यातून क्षणभर मोठा प्रवाह सोडला आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला. कवटी उघडली नव्हती, त्वचेला वीज लावली नव्हती. चुंबकीय क्षेत्र हाडातून विनासायास आरपार जातं आणि आतल्या पेशींजवळ छोटासा प्रवाह उमटवतं. ते एमआरआयच्या चुंबकाइतकं तीव्र असतं, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतं आणि दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचतं. म्हणजे मेंदूच्या वरच्या सालीपर्यंत.

असे ठोके ठरावीक गतीने शेकड्यांनी दिले, की त्या जागेची सवय बदलते. सेकंदाला एक या संथ गतीने दिले तर तो भाग सहसा शांत होतो, सेकंदाला दहा किंवा जास्त दिले तर जागा होतो. 'सहसा' हा शब्द मी जपून वापरतोय, माणसामाणसात बराच फरक पडतो.

आवाजांसाठी हे का? आवाज ऐकू येत असताना मेंदूची चित्रं काढली तर बोलण्याचे आणि ऐकण्याचे भाग खरंच काम करताना दिसतात. तो 'कल्पना करत' नसतो, त्याला ऐकू येत असतं. आपण मनात बोलतो तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला 'हे माझंच आहे' अशी सूचना आधी धाडतो, असं मानलं जातं. ही सूचना पोचली नाही की स्वतःच्याच मनातलं वाक्य परक्याच्या तोंडून आल्यासारखं वाटतं. तुमच्या भावाला ओळ संपण्याआधी ऐकू येते, ती याच जातीची गोष्ट असावी. डाव्या कानाच्या वर, थोडं मागे, भाषा ऐकण्याचा हा पट्टा आहे. येल विद्यापीठातले राल्फ हॉफमन यांनी सन २००० च्या सुमारास तिथे सेकंदाला एक ठोका या गतीने टीएमएस दिलं आणि काहींचे आवाज कमी झाले. पुढचं सगळं काम तिथून सुरू झालं.

टीडीसीएसबद्दल उद्या लिहितो, ओपीडीला जायचंय.

उंबरठा

थोरली_बहीण, मी स्वतः घेतलंय. मला ११ वर्षं आवाज येतात.

पहिल्या दिवशी डोक्यावर पोहताना घालतात तशी टोपी चढवून पेनाने खुणा केल्या. मग कॉईल थोडी थोडी सरकवत माझा उजवा अंगठा कधी उडतो ते बघितलं. अंगठा उडवायला किती जोर लागतो त्यावरून प्रत्येकाची मात्रा ठरते, असं त्यांनी समजावलं. आपला अंगठा आपल्याला न विचारता हलताना बघणं विचित्र होतं. ज्याला आधीच वाटत असतं की आपल्यावर कुणीतरी ताबा मिळवलाय, त्याला हे पूर्वसूचना न देता दाखवू नये. मला आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं.

कॉईलचा आवाज मोठा असतो, झाडावर सुतारपक्षी चोच मारतो तसा. कानात बोळे घालतात, ते घातल्याशिवाय बसू नये. टाळूला टोचल्यासारखं होतं, जबडा फडफडतो. पहिले चार दिवस डोकं दुखलं, साध्या गोळीने राहिलं. आठवड्याला पाच दिवस असं चार आठवडे, रोज वीस मिनिटं.

आणि परिणाम? माझे आवाज गेले नाहीत. पण पूर्वी कानाच्या आत बोलणारे लोक दुसऱ्या खोलीत गेले. बोलतात हे कळायचं, पण प्रत्येक शब्द ऐकावाच लागायचा नाही. बाहेर पायऱ्यांवर बसून मी तासभर पाऊस ऐकला, नुसता पाऊस. हे किती मोठं आहे ते ज्याला कायम स्वतःच्या कानांत शांतता मिळते त्याला कसं सांगू?

साधारण दोन महिने टिकलं, मग ते हळूहळू परत आले. दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा पहिल्याइतका फरक पडला नाही.

एक विचारू? तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही आहात, आई आहे, डॉक्टर आहेत. भावाचं म्हणणं काय आहे?

सांजवात

माझा अनुभव वेगळा आहे आणि तोही इथे असायला हवा म्हणून लिहिते.

माझ्या मुलाला आवाज येत नाहीत आता. त्याचं दुखणं मुकं आहे. दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. हौस नाही, बोलणं नाही, राग नाही, हसू नाही. 'कसा आहेस' विचारलं तर 'बरा'. नातेवाईक आळशी म्हणतात, आणि मी त्यांना समजावून समजावून दमले. डॉक्टर याला निगेटिव्ह लक्षणं म्हणतात. हा शब्द मला कधी आवडला नाही, कारण माझ्या मुलात वजा झालेलं मी रोज बघते.

त्याला कपाळाच्या डाव्या बाजूला, जलद गतीचं टीएमएस दिलं. पंधरा सेशन. फरक शून्य. ते तीन आठवडे तो रोज वेळेवर तयार व्हायचा, एवढंच काय ते. मला वाटलं सुधारतोय. सेशन संपली आणि सोमवारी तो उठलाच नाही. मशीन चालवणारा मुलगा रोज त्याच्याशी बोलायचा, नाव घेऊन हाक मारायचा. मला वाटतं तो त्या मुलासाठी जात होता.

कुणाची आशा मोडायची नाही मला. पण आम्हाला सांगताना 'उत्तम रिझल्ट आहेत' असं सांगितलं गेलं होतं. ते तसं सांगायला नको होतं.

ताळेबंद

सांजवात ताई, तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं, आणि ते चुकीचं होतं हे उपचाराच्या आधीच माहीत असू शकत होतं. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो. बायकोच्या आजारामुळे या विषयावरचे शोधनिबंध वाचत आलोय.

जर्मनीत १७५ रुग्णांवर नेमकी हीच चाचणी झाली, डाव्या कपाळाकडचा भाग, सेकंदाला दहा ठोके, तीन आठवडे. निम्म्यांना खरी कॉईल, निम्म्यांना खोटी, म्हणजे उपचार दिल्यासारखं दाखवणारी पण प्रत्यक्ष उपचार न करणारी. २०१५ मध्ये निकाल आला. दोन्ही गट थोडे सुधारले आणि दोघांत फरक निघाला नाही. तुम्ही ज्या मशीनवाल्या मुलाबद्दल लिहिलंत ना, त्याचं मोल या निकालात आहे. रोज घराबाहेर पडणं, कुणीतरी वाट बघत असणं, नावाने हाक येणं, हे खोट्या कॉईलच्या गटालाही मिळतं. लहान लहान अभ्यासांवरून युरोपातल्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये या उपयोगाला 'बहुधा परिणामकारक' असा दर्जा दिला होता, २०२० मध्ये तो एक पायरी खाली आणला.

टीडीसीएसचंही तसंच. फ्रान्समध्ये ल्योंच्या ब्रुनलँ यांच्या गटाने २०१२ साली ३० रुग्णांवरचा अभ्यास छापला. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, पाच दिवस. आवाज सरासरी ३१ टक्क्यांनी घटले आणि परिणाम तीन महिन्यांपर्यंत टिकला. सगळे हरखले. मग २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने २६ जणांना दिलं, खऱ्या-खोट्यात फरक नाही. पण त्यांनी दिवसातून एकदाच दिलं होतं, त्यामुळे पहिला निकाल खोटा ठरला असंही म्हणता येत नाही.

३० माणसांचा अभ्यास वाचताना एवढं ध्यानात ठेवावं: दोन-तीन माणसं इकडची तिकडे झाली तर टक्केवारी पालटते.

उंबरठा

ताळेबंद, तुमच्या आकड्यांबद्दल वाद नाही. पण त्या सरासरीत मी कुठे आहे? माझ्या दोन महिन्यांचं काय करायचं? माझा पाऊस खोट्या कॉईलचा होता का खऱ्या, हे मला कधीच कळणार नाही, आणि प्रामाणिकपणे सांगतो, तो ऐकू आला यापुढे मला ते महत्त्वाचं वाटत नाही.

ताळेबंद

तुमच्यासाठी महत्त्वाचं नाही, हे मान्य. तुम्हाला मिळालं ते मिळालं. पण थोरली_बहीण अजून निर्णय घ्यायची आहे. तिला 'काहींना काही काळ आराम पडतो, कुणाला पडेल ते आधी सांगता येत नाही' असं सांगणं आणि 'उत्तम रिझल्ट आहेत' असं सांगणं यात माझ्या बायकोच्या आयुष्याची तीन वर्षं आहेत. प्रत्येक नव्या उपचाराला ती पूर्ण आशेने सामोरी गेली. प्रत्येक वेळी फरक पडला नाही तेव्हा तिला वाटलं, आपल्यातच काही कमी आहे.

उंबरठा

हे मात्र मनाला लागलं. तुमचं बरोबर आहे. मलाही दुसऱ्या खेपेला असंच वाटलं होतं.

तारायंत्र

मला सर्किटची आवड आहे. टीडीसीएस म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी, दोन ओले स्पंज आणि दोन मिलिअँपिअर प्रवाह, एवढंच दिसतंय. घरच्या घरी करायला काय हरकत आहे? माझ्या मित्राला आवाज येतात, त्याच्यासाठी विचारतोय. त्याला दवाखान्यात जायचं नाही.

रोहित्र

तारायंत्र, कृपा करून करू नका. मी रुग्णालयातली उपकरणं तपासतो, दुरुस्त करतो, म्हणून अधिकाराने सांगतोय.

बॅटरी म्हणजे उपकरण नव्हे. डोक्याच्या त्वचेचा रोध दर मिनिटाला बदलतो. घाम येतो, स्पंज वाळतो, केस मध्ये येतात. बॅटरी व्होल्टेज स्थिर ठेवते. आपल्याला स्थिर हवा असतो तो प्रवाह. खरं यंत्र प्रवाह मोजत राहतं, सुरुवातीला हळूहळू चढवतं, शेवटी हळूहळू उतरवतं आणि स्पंज सुटला तर स्वतः बंद पडतं. वाळलेल्या स्पंजच्या एका कोपऱ्यातून सगळा प्रवाह गेल्यामुळे त्वचा भाजल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत.

दुसरं, आणि हे जास्त गंभीर: कुठला स्पंज कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. आवाजांसाठी ऋण बाजू डाव्या कानाच्या वर-मागे, धन बाजू कपाळाच्या डाव्या भागावर. अदलाबदल झाली तर जो भाग शांत करायचा त्यालाच चेतवाल. आणि 'जास्त दिलं तर जास्त गुण' हा हिशेब इथे चालत नाही. हालचालींच्या भागावर केलेल्या प्रयोगात एक मिलिअँपिअरचा ऋण प्रवाह पेशींना मंदावतो, पण तोच दोन मिलिअँपिअर, वीस मिनिटं दिला तर उलट उत्तेजित करतो, असं आढळलंय.

मित्राला दवाखान्यात जायचं नाही, तर त्याच्यासोबत जा. नुसते दाराशी थांबा. त्याचा उपयोग स्पंजपेक्षा जास्त होईल.

डॉ_साकव

रोहित्र यांनी माझं निम्मं काम केलं, आभार. त्यांनी दोन मिलिअँपिअरबद्दल लिहिलं ते मी संशोधकांच्या बैठकीतही बोलून दाखवतो. आपण 'ऋण म्हणजे शांत, धन म्हणजे जागं' असं रुग्णाला समजावतो, पण आवाजांसाठी प्रत्यक्षात वापरतो दोन मिलिअँपिअर. म्हणजे जिथे गुण येतो तिथेही तो आपण सांगतो त्याच कारणाने येतो, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. टीडीसीएसचा प्रवाह पेशींना पेटवत नाही, फक्त पेटण्याच्या उंबरठ्याजवळ नेतो किंवा लांब ठेवतो. टीएमएसचा ठोका प्रत्यक्ष पेटवतो. दोन्हींत हा मूळ फरक आहे. टीडीसीएसचा त्रास कमी, खाज आणि मुंग्या येतात, स्पंजखाली लाली राहते. यंत्र लहान आणि स्वस्त, त्यामुळे त्याचा मोह मोठा.

ताळेबंद यांनी जर्मनीचा अभ्यास दिला, तो खरा आहे. त्याच्या शेजारी हेही ठेवा: ब्राझीलमध्ये १०० रुग्णांवर टीडीसीएसची चाचणी झाली, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात निगेटिव्ह लक्षणांत खोट्या उपचारापेक्षा चांगला फरक दिसला. २०१९ मध्ये बोस्टनच्या एका गटाने तर वेगळाच रस्ता धरला. कपाळामागचा भाग आणि मेंदूच्या तळाशी मागे असलेला अनुमस्तिष्क यांच्यातला संवाद जितका तुटलेला, तितकी ही लक्षणं तीव्र, असं त्यांना मेंदूच्या चित्रांत दिसलं. म्हणून त्यांनी कॉईल मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला लावली आणि त्या छोट्या गटात तो संवाद जुळला, लक्षणंही उतरली. सांजवात ताई, याचा अर्थ तुमच्या मुलाला लगेच घेऊन जा असा नाही. दार बंद झालं असं समजू नका, एवढाच.

थोरली_बहीण, तुमच्यासाठी नेमकं सांगतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने टीएमएसला नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि ओसीडीसाठी, म्हणजे मंत्रचळासाठी, २०१८ मध्ये मान्यता दिली. स्किझोफ्रेनियासाठी ती मान्यता नाही. म्हणजे हा प्रयोग आहे, जबाबदारीने केलेला, पण प्रयोगच. डॉक्टरांना विचारा: तुम्ही आवाजांसाठी किती जणांना दिलंय, आणि ज्यांना फरक पडला नाही त्यांचं पुढे काय केलंत? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका.

डोक्यात धातूची क्लिप, कानाचं कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर, कधीकाळी आलेली फीट, यातलं काहीही असेल तर आधी सांगायलाच हवं. क्लोझापीन फीट येण्याचा उंबरठा खाली आणतं, विशेषतः मोठ्या डोसात. टीएमएसमध्ये फीट येणं फार दुर्मिळ आहे, पण क्लोझापीन चालू असताना डोस आणि आदल्या रात्रीची झोप यांची चौकशी केल्याशिवाय मी कुणाला कॉईलखाली बसवत नाही. आणि क्लोझापीन थांबवायचं नाही. हे उपचार औषधाच्या जोडीला आहेत, औषधाच्या जागी नाहीत. 'आता मशीन घेतोय, गोळी कशाला' म्हणून गोळी सोडलेली माणसं मी पुन्हा वॉर्डात दाखल केली आहेत.

थोरली_बहीण

सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. तिला पावसाचं वाचल्यावर पुन्हा रडू आलं, पण ते रडू वेगळं होतं.

उंबरठा दादा, तुमच्या प्रश्नाने मला लाज वाटली. मी त्याला विचारलंच नव्हतं. काल रात्री गच्चीत दोघंच होतो तेव्हा विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'पुरुष गेला तर चालेल. बाई कधी कधी म्हणते, आज दमलाय बिचारा, झोपू दे त्याला. ती गेली तर?'

आठ वर्षं मी त्या दोघांना एकाच मापाने मोजत होते. मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. मी म्हटलं, तू सांगशील तेव्हा थांबवू. तो म्हणाला, ते दोघं आपलं बोलणं ऐकताहेत, आणि पुरुष चिडलाय.

उंबरठा

ताई, लाज कशाची? विचारलंत ना.

मलाही एक आवाज होता, माझ्या गेलेल्या आजोबांसारखा. तो जाईल म्हणून मी सहा महिने उपचार टाळले. भावाला सांगा, कॉईलला बाई-पुरुष कळत नाही, दोघंही लांब जातील किंवा दोघंही राहतील. हे त्याला आधी माहीत असणं बरं. माझे आजोबा शेवटी परत आले, आणि शिव्या देणारेही. पण मधल्या दोन महिन्यांत मला एक कळलं, 'झोप आता, दमलायस' हे मी स्वतःलाही म्हणू शकतो.

पुरुष चिडतोय तर पहिल्या दिवसांत तो जास्त बोलेल, धमकावेल. माझ्या बाबतीत तसं झालं. डॉक्टरांना हे आधी सांगून ठेवा, आणि पहिला आठवडाभर कुणीतरी सोबत राहा.

आणखी एक. दवाखान्यात प्रश्नावली भरून घेतात, आवाज किती वेळा, किती मोठे, किती त्रास. ती त्यांच्यासाठी असते. त्याच्या मनातली एक गोष्ट तो स्वतः निवडू दे आणि ती मोजा. मी पायऱ्यांवर किती वेळ बसलो ते लिहायचो.

डॉ_साकव

उंबरठा, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं तर चालेल का? नाव-गाव काहीच नसेल.

उंबरठा

दाखवा.

सांजवात

थोरली, मोजायची वही घरच्यांनी भरू नये. मी भरत होते. मला हवं तेच मी लिहायचे.

थोरली_बहीण

पाच आठवड्यांनी येतेय. कुणी वाट बघत असेल तर माफ करा.

त्याने स्वतः ठरवलं. टीएमएस घ्यायचं, संथ गतीचं, पंधरा सेशन, आणि तो म्हणेल तेव्हा बंद. सही त्याने केली, आधी पूर्ण कागद वाचून. वाचायला चाळीस मिनिटं लागली, कारण दोघं मध्ये बोलत होते. कुणी घाई केली नाही. अंगठ्याचं आधी सांगा, असं मी सुचवलं होतं. त्यांनी आधी स्वतःचा अंगठा उडवून दाखवला, मग त्याचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुरुषाने उच्छाद मांडला. रात्रभर मी भावाच्या खोलीत खाली गादी टाकून झोपले. पाचव्या दिवशी तो नाही म्हणाला, आम्ही गेलो नाही. मला वाटलं संपलं. सहाव्या दिवशी सकाळी तो स्वतःच बूट घालून दारात उभा होता.

वही त्याची आहे. मोजतो काय, तर वाचलेली पानं. आवाजांनी आधी म्हटलेल्या ओळी धरत नाही, स्वतः आधी पोचला तेवढ्याच. मी वही बघत नाही, तो सांगतो तेवढंच मला माहीत असतं. पहिले आठ दिवस शून्य. नवव्या दिवशी चार ओळी. काल दीड पान, आणि बाई दिवसभरात दोनदाच बोलली म्हणाला. तिची आठवण येते का, मी विचारलं. 'थोडी,' म्हणाला.

आज परत शून्य. उद्या अकरावं सेशन आहे, सकाळी नऊला.